आग लागली की लावली?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

बोईसरला राहणाऱ्यांना रात्री आकाश तांबडं झालेलं बघायची सवय झाली आहे. एमआयडीसीच्या बाजूने धूर उठला की आधी खिडक्या लावायच्या, मग मोबाईल उघडायचा. परवाही तसंच झालं. बंब पोचायच्या आत ग्रुपवर निकाल लागलेला होता. एकाने लिहिलं, "लावली असणार, इन्शुरन्ससाठी." दुसरा म्हणाला, "कामगारांच्या भांडणातून झालंय." तिसऱ्याने तर गाव आणि जातही सांगून टाकली. कोण आत अडकलंय का, हे विचारणारा मेसेज चौदावा होता. मी मोजले.

आपल्या भाषेत एका अक्षराचा फरक आहे. आग *लागली* आणि आग *लावली*. फौजदारी कायद्याची जाळपोळीची सगळी कलमं या एका अक्षरावर उभी आहेत. ते अक्षर आपण किती सहज बदलतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे मला आमच्या घरात कळलं. म्हणून आधी तेच सांगतो.

१९७८ ची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. आमच्या गावात एका बागायतदाराची पेंढ्याची गंज रात्री पेटली. गंजीला लागून कुडाची खोप होती, तिच्यात अवजारं आणि थोडं भात ठेवलेलं. तीही गेली. सकाळी पोलीस आले आणि संध्याकाळपर्यंत माणूस सापडला. बागायतदाराकडे मजुरीला असलेला एक वारली. आठ दिवसांपूर्वी मजुरीवरून दोघांची बाचाबाची झाली होती, तेवढं पुरलं. पोलीस पाटलाने माझ्या आजोबांना पंच म्हणून बोलावलं. आजोबा चौकीत गेले. टेबलावर रॉकेलची बाटली होती आणि कागद लिहून तयार होता. आजोबांनी सही केली. चहा घेतला आणि घरी आले.

पुढे तो माणूस सात महिने ठाण्याच्या तुरुंगात होता.

का होता, हे समजायला कायदा थोडा उलगडावा लागतो. आणि तो उलगडायचा तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

भारतीय दंड विधान मंजूर झालं १८६० साली आणि लागू झालं १ जानेवारी १८६२ पासून. त्यात जाळपोळीसाठी वेगळं प्रकरण नाही. ती येते 'आगळीक' या गुन्ह्याच्या पोटात, कलम ४२५. दुसऱ्याचं नुकसान करायचंय म्हणून, किंवा नुकसान होणार हे माहीत असताना, मालमत्ता नष्ट करणं म्हणजे आगळीक. हे कलम समजावायला कायद्याने जी उदाहरणं दिली, त्यातलं पहिलंच उदाहरण गंमतीचं आहे. घर नाही, गंज नाही, तर दस्तऐवज. 'क्ष'ने 'य'चा मौल्यवान रोखा त्याचं नुकसान व्हावं म्हणून जाळला, तर 'क्ष'ने आगळीक केली.

कायदा लागू होऊन तेरा वर्षं झाली आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला नेमकं हेच घडलं. आजूबाजूच्या गावांतले कुणबी बाजारात जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि त्यांची होळी केली. काही ठिकाणी सावकारांची घरंही पेटवली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. ९५१ जणांना अटक झाली, अनेकांना शिक्षा झाल्या. शेतकऱ्यांच्या लेखी जळाला तो फास होता, कायद्याच्या लेखी जळाला तो मौल्यवान रोखा. पण त्या आगीने सरकारला चौकशी आयोग नेमायला लावला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. शिक्षा झाली ती झालीच, कारणही मान्य झालं. जाळपोळीच्या इतिहासात हे दोन्ही एकदम क्वचित घडतं.

त्याच १८७९ च्या मे महिन्यात पुण्याचे बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड तेव्हा चालू होतं. लगेच बोट त्यांच्याकडे गेलं, आणि फक्त त्यांच्याकडे नाही. पुण्यातल्या सगळ्या शिकल्यासवरल्या ब्राह्मणांवर संशयाचं सावट आलं. न्यायमूर्ती रानडे तेव्हा सबजज्ज होते, त्यांची धुळ्याला बदली झाली. शेवटी दोषी ठरला तो सरकारी पुस्तक भांडारातलाच एक नोकर. हिशेबातला घोळ लपवायला त्याने आग लावली होती. म्हणजे आग *लावलेलीच* होती, पण ज्यांच्यावर संशय होता त्यांनी नाही. ग्रुपवर निकाल देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी आपण ठाण्यात होतो. जुन्या ठाणे जिल्ह्यात आगीवरून सरकारशी पहिलं मोठं भांडण झालं ते राबाचं. आमच्या पिढीने राब बघितलाय. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत पसरून रोपाची जागा भाजायची, मग पावसात तिथे भाताचं रोप टाकायचं. शेतकऱ्याच्या लेखी ही शेतीच. १८७८ चा जंगल कायदा आला आणि टहाळ तोडणं आणि राखीव जंगलाच्या कडेला आग पेटवणं गुन्ह्याच्या हद्दीत गेलं. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ ला आला.

पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा आला, तो आजही आहे. त्याचं कलम २६ वाचा. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे, हे ठीकच. पण त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. जंगलाला कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार हवा तितका काळ थांबवू शकतं. आग एकाने लावली, तरी गुरं सगळ्या पाड्याची उपाशी. शिक्षा माणसाला नाही, गावाला.

गर्दी आणि आग एकत्र आली की कायदा असाच वागतो. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौराचं पोलीस ठाणं जमावाने पेटवलं, बावीस पोलीस मेले. गोरखपूरच्या सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. एकशे बहात्तर! अलाहाबाद हायकोर्टात पंडित मदनमोहन मालवीय उभे राहिले. एकोणीस फाशा कायम राहिल्या, अडतीस जण सुटले, बाकीच्यांना कमी-जास्त कैद झाली. म्हणजे खालच्या कोर्टात ज्यांना मरायचं होतं त्यातले दीडशेहून जास्त जगले, कारण वरच्या कोर्टाने प्रत्येकाचा पुरावा वेगळा बघितला.

आपल्याकडे १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला. गोळीबारात पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकूर मोरे. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. दोन दिवसांनी, १६ ऑगस्टला, विदर्भात चिमूर आणि आष्टीला लोकांचा संयम सुटला, सरकारी इमारती जळाल्या, अधिकारी आणि पोलीस मारले गेले. तिथे फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द होऊन जन्मठेपेत बदलायला १९४५ उजाडलं. १९४२ साली सरकारने सामूहिक दंडाचा वटहुकूमही काढला होता. पुन्हा तेच, हिशेब गावाचा.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने मसाल्टी खटल्यात एक शहाणपणाचं सूत्र घालून दिलं. मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात आरोपी पुष्कळ आणि साक्षीदारही पुष्कळ असतील, तेव्हा एकट्या-दुकट्या साक्षीदाराने नाव घेतलं एवढ्यावर दोषी धरू नये. दोन, तीन किंवा अधिक साक्षीदारांचं सुसंगत सांगणं बघावं. पण त्याच निकालात हेही आहे की बेकायदा जमावाचा सामायिक हेतू सिद्ध झाला, तर हातात काडी नसलेलाही जबाबदार धरला जातो. मोर्च्यात जाणाऱ्या पोरांनी दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

आता पुन्हा आमच्या गंजीकडे.

पेंढ्याची गंज जाळली तर कलम ४३५. शिक्षा सात वर्षांपर्यंत. साध्या मालमत्तेचं नुकसान शंभर रुपयांचं असावं लागे, शेतमालाला दहा रुपये पुरत. ही दहा आणि शंभराची मर्यादा पार २०२४ पर्यंत कायद्यात होती! पण ४३५ जामीनपात्र होतं. ४३६ मात्र वेगळं. माणूस राहतो ते घर, पूजेची जागा, किंवा *माल ठेवायची जागा* आगीने नष्ट केली, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. आमच्या गावात जळाली ती मुळात गंज. पण लागून ती कुडाची खोप होती, तिच्यात भात होतं, आणि कागदावर लिहिलं गेलं 'माल ठेवण्याची इमारत'. चार कुडांनी माणूस ४३५ मधून ४३६ मध्ये गेला. पुढे जामीन मिळायचा तर सात-बारा असलेला जामीनदार हवा. तो वारल्याला कोण देणार?

त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला. तरुण होता, ठाण्याचा. आजोबा साक्षीला गेले ते विरारला नि दादरला गाडी बदलून. त्यांना वाटलं होतं दोन मिनिटांचं काम आहे. वकिलाने विचारलं, "काका, बाटली तुमच्यासमोर सापडली का?" आजोबा म्हणाले, "नाही. चौकीत टेबलावर होती." "कागद तुम्ही वाचला का?" "नाही." मग त्याने एक असा प्रश्न विचारला, जो गावात कोणी विचारला नव्हता. "पेंढा रचला त्याच्या आधी पाऊस झाला होता का?" झाला होता. दिवाळीच्या तोंडावर अवकाळीने सगळ्यांचंच भिजलं होतं.

ओलसर गवत किंवा पेंढा दाबून रचला की आतल्या आत कुजून तापतो. उष्णतेला बाहेर वाट मिळाली नाही तर काही दिवसांनी गंज स्वतःहून पेटू शकते. शेतकऱ्याला हे माहीत असतं. आमच्या गावालाही माहीत होतं. पण त्या सकाळी सगळ्यांना लागली नाही, *लावली* हवी होती.

संशयाचा फायदा देऊन तो सुटला. आग कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सात महिन्यांत त्याची बायको मुलांना घेऊन गुजरातकडे विटभट्टीवर गेली होती, तोही तिकडेच गेला. आजोबा नंतर पंचवीस वर्षं जगले. कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी ते चष्मा पुसून सगळा कागद वाचायचे, रेशनच्या दुकानातसुद्धा. आम्ही हसायचो. कारण मला मोठा झाल्यावर कळलं.

१ जुलै २०२४ पासून दंड विधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली. ४३५ आता झालं कलम ३२६ (च), ४३६ झालं ३२६ (छ). दहा-शंभर रुपयांची मर्यादा गेली. शिक्षा त्याच. सरकारी मालमत्ता जाळली तर १९८४ चा वेगळा कायदा आहे, त्यात किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं सक्तमजुरी.

आरोपीचा बचाव काय असू शकतो? वकील मंडळी जास्त सांगतील. मला समजलेलं साध्या भाषेत मांडतो.

एक. *हेतू नव्हता, जाणीवही नव्हती.* आग लागणं म्हणजे जाळपोळ नव्हे. शॉर्टसर्किट, चूल, राब, विडी, आपोआप पेटणं, यातलं काही शक्य असेल तर 'लावली' हे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची.

दोन. *अपघात.* कायदेशीर काम, कायदेशीर पद्धतीने, पुरेशी काळजी घेऊन करताना दुर्दैवाने घडलं, तर तो गुन्हा नाही. 'पुरेशी काळजी' हे शब्द मात्र जड आहेत.

तीन. *मोठी हानी टाळायला केलेली छोटी हानी.* कायद्यातलंच उदाहरण आहे: मोठ्या आगीत वणवा पसरू नये म्हणून कोणी चांगल्या हेतूने मधली घरं पाडली, तर तो दोषी नाही. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईचा कोट जळाला, तेव्हा आग अडवायला तोफांनी घरं पाडावी लागली होती. पाड्यावर आग लागल्यावर शेजारचं छप्पर ओढून काढणाऱ्याला हे कलम राखतं.

चार. *मी तिथे नव्हतोच,* किंवा *वैरातून नाव घेतलं.* जाळपोळ बहुतेक वेळा रात्री होते, डोळ्यांनी बघणारा क्वचित असतो. सगळं परिस्थितीजन्य पुराव्यावर चालतं. १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला जागाच उरू नये. भांडण झालं होतं ही साखळीची एक कडी. एका कडीची साखळी होत नाही.

आणि दुसऱ्या बाजूनेही बघा. राहत्या घराला कोणी आग लावत असेल, तर घर वाचवायला घरच्यांनी केलेला प्रतिकार, अगदी हल्लेखोर मेला तरी, स्वसंरक्षणात बसू शकतो. अर्थात गरजेपेक्षा जास्त बळ वापरायला मुभा नाही. कायद्याने घराच्या आगीला इतकं भयंकर मानलंय.

नव्या कायद्याने दोन चांगल्या गोष्टी केल्या. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करायचे, हेही घातलं, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. १९७८ ला हे असतं तर टेबलावरची बाटली टेबलावर आली कुठून, हे दिसलं असतं. पण एक गोष्ट वाईट झाली. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा ठराविक भाग आत काढला तर जामीन, ही सवलत पूर्वी फक्त फाशीच्या गुन्ह्यांना नव्हती. आता जन्मठेपेच्या गुन्ह्यांनाही नाही. म्हणजे ३२६ (छ) च्या आरोपीला ती नाही. आजही त्या वारल्यासारखा माणूस चार कुडांमुळे अडकला, तर हा दरवाजा त्याला बंद आहे.

आता शेवटचं, आणि आपल्या रोजच्या जगण्याचं.

११ जानेवारी २०२०, शनिवारची संध्याकाळ. कोळवड्याकडे झालेला स्फोट किती लांबपर्यंत ऐकू आला ते तुम्हाला आठवत असेल. आठ माणसं गेली. त्याआधी ८ मार्च २०१८ च्या रात्री तिघं गेले होते. या आगी कोणी लावल्या असं मी म्हणत नाही. त्या *लागल्या*. पण कायद्यात 'लागली' म्हटलं की काय होतं ते बघा. आगीबाबत निष्काळजीपणा, जुनं कलम २८५: सहा महिने किंवा एक हजार रुपये दंड. नवं कलम २८७: सहा महिने किंवा दोन हजार. माणूस मेला तर जुन्या कायद्यात कमाल दोन वर्षं, नव्या कायद्यात पाच. भोपाळमध्ये हजारो माणसं मेली. १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने आरोप निष्काळजीपणापर्यंत खाली आणला आणि ७ जून २०१० ला शिक्षा झाली दोन वर्षं. सव्वीस वर्षांनी.

पेंढ्याची गंज जाळली तर सात वर्षं. मी तराजू घेऊन बसलो नाही, कायद्याला हेतू बघावा लागतो हे मला कळतं. तो बघितला नाही तर राब भाजणारा प्रत्येक शेतकरी गुन्हेगार ठरेल. पण कायद्यात हेतूबरोबर 'माहीत असणं' हाही शब्द आहे. व्हॉल्व्ह गळतोय हे माहीत असताना पाळी चालू ठेवली, तर त्याला नुसतं 'लागली' म्हणायचं का? चौकशीत हा प्रश्न विचारला जायला हवा. आणि मालकाने विम्यासाठी स्वतःचंच जाळलं, तर 'माझंच तर होतं' हा बचाव चालत नाही, कारण विमा कंपनीला बुडवायला स्वतःचं जहाज बुडवणारा माणूस कलम ४२५ च्या उदाहरणांत पहिल्यापासून आहे.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी धूर दिसला की ग्रुपवर पहिला मेसेज 'आत कोण आहे?' हा टाका. कोणी लावली ते लिहू नका. काही बघितलं असेल तर ते पोलिसांना सांगा, जेवढं बघितलं तेवढंच. आणि कोणी पंच म्हणून बोलावलं तर जा, टाळू नका. पण चष्मा पुसा, कागद वाचा, वस्तू कुठे सापडली ते स्वतः बघा, मगच सही करा.

आजोबांनी ती सही परत घेण्यासाठी दोन गाड्या बदलल्या. तेवढ्यात सात महिने गेले होते.

(तुमच्या गावात राबावरून, गंजीवरून, कारखान्याच्या आगीवरून झालेल्या केसेस जुन्या माणसांना आठवत असतील तर कॉमेंटमध्ये लिहा. नावं मात्र टाकू नका. वकील मंडळींनी काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.)